सहा तितरांची जयनगर मोहीम

श्रीगजानन प्रसन्न. सकळ शूर व खवय्ये यांनी पागोटी सावरून सावध ऐकावे, की सन एकोणीसशे छपन्न, फाल्गुन मासी, बेंगळूर प्रांती जयनगर मुक्कामी जे रणकंदन जाहले, त्याचे वर्तमान जैसे घडले तैसे, लाज न राखता लिहिले आहे.

राजमान्य राजश्री येसाजीराव हेडकारकून यांचे पूर्वज तीनशे वर्षांमागे घोड्यावरून या मुलखी आले आणि खासे सायकलवरून कचेरीत जात, एवढाच काय तो फरक. यांची कन्या अहल्या उपवर जाहली आणि देवनहळ्ळीचे व्यंकोजीराव आपल्या मुलाकरिता पाहावयास येणार ऐसे ठरले. मग येसाजीरावांनी भर बैठकीत जबान दिली, की आमचे घरी कोंबडी शिजत नाही, शिकारीचे पाखरू शिजते. शिकार तर तीन पिढ्यांत कोणी केली नव्हती! सबब परसात सहा तितरे पाळली आणि नाचणी व वाळवीची रसद लाविली.

परंतु बसून वाढले ते पाखरू शिकारीचे कैसे, ऐसे मनी आणून हुकूम फर्माविला, की फौजेने रोज सकाळी लालबागेपावेतो कूच करावे. मग पुढे खासे धोतर खोचून, आणि मागे सहा तितरे दुडुदुडु, आणि त्यांमागे गल्लीतील कुत्री. येसाजीरावांचे कुटुंब कौशल्याबाई यांनी अर्ज गुदरला, "अहो, स्वल्प बसू द्या की त्यांना! पळून मांस वाढतं होय? स्वतःकडेच बघा!" अर्ज नामंजूर जाहला.

ऐन दिवशी तराजूत घालिता एकेक शिपाई जेमतेम पावशेर, आणि पिसे उतरता निव्वळ हाडे. पाहुणे अकरा! आपल्या बढाईपायी पोरीची सोयरीक बुडणार, या भयाने येसाजीरावांचे डोळां पाणी आले. तेव्हां बाईंनी पदर खोचला आणि नारळ, मसाला व रागीमुद्दे म्हणजे नाचणीचे उकडलेले गोळे यांची कुमक आणिली, आणि रस्सा ऐसा वाढविला की त्यांत तितर शोधणे हीच शिकार जाहली.

व्यंकोजीरावांस एक तंगडी सांपडली, ती त्यांनी बहुत काळ चाविली. अखेर फर्मान निघाले, की मुलगी पसंत, विहीणबाईंचा रस्साही पसंत, लग्न पक्के. परंतु लग्नातील मांसाची कामगिरी वरपक्ष करील आणि येसाजीरावांनी पाखरांस हात लावू नये.

हा तह येसाजीरावांनी दोन्ही हात जोडून, कानडीत सरी सरी, म्हणजे बरे बरे, म्हणत कबूल केला. येणेप्रमाणे शत्रू कोणी नसता, सारे सैन्य खपवून आणि मुदपाकखान्याचा अधिकार गमावून, येसाजीराव फत्ते पावले, ऐसे दप्तरी दाखल केले असे.