शंभर मीटरच्या आतली काठी

सुज्ञ वाचकहो, मतदान केंद्रात मतदारास अडवणे, दडपणे अथवा भुलवणे हा गुन्हा आहे, हे सत्य प्रस्तुत कथेत एका काठीच्या योगे सिद्ध होणार आहे. तरी चित्त स्थिर करून वाचावे.

सेनगावजवळील एका तांड्यावर सरपंचपदाची निवडणूक होती. शंकरसिंग यांचे चिन्ह काठी, तर भीमसिंग यांचे खुर्ची. केंद्राध्यक्ष सूर्यकांतराव हे पापभीरू लिपिक असून सकाळपासून पाणीसुद्धा नियम पाहून पीत होते.

इतक्यात वृद्ध पारुबाई काठी टेकत शाळेच्या दारात आल्या. त्याबरोबर भीमसिंगांचा प्रतिनिधी कुलदीप, जो पारुबाईंचा सख्खा नातू होता, खुर्चीवरून ताडकन उठला.

"साहेब, हरकत! शंभर मीटरच्या आत इरोधकाचं चिन्ह! ह्यो प्रचार हाय!"

"मुडद्या, ही काठी तूच तासून दिली न्हवं मला?"

"आजी, ते घरी. हितं मी एजंट हाय."

सूर्यकांतरावांनी काठी काढून घेतली. आधार जाताच पारुबाई उंबरठ्यावरच बसल्या. मागची रांग थांबली.

"आजी, उठा. मतदारांना अडवणे गुन्हा आहे."

"मग मला कोन अडवून राहिलं? काठी द्या, उठते. आजवर एक मत चुकवलं न्हाई म्या."

कुलदीप हात धरायला धावला.

"हात लावू नका! तो दबाव ठरेल!" साहेब ओरडले.

तेव्हा पारुबाईंची दृष्टी नातवाच्या मागे गेली. "काहून रे, तू कशावर बसून राहिला व्हतास?"

साहेबांनी आधी कुलदीपची खुर्ची पाहिली, मग स्वतःची. क्षणार्धात सर्व खुर्च्या बाहेर गेल्या. लोकशाही उभी आहे, असे आपण ग्रंथांत वाचतो. त्या दिवशी ती पाय दुखेपर्यंत उभी राहिली.

"लई तकलीफ व्हते ना साहेब, आधाराबिगर? माझी काठी आत येऊ द्या, तुमच्या खुर्च्या बी येऊ द्या. बराबर."

साहेबांनी नियमपुस्तिका उघडली खरी, परंतु गुडघ्यांनी निर्णय आधीच दिला होता.

मत देऊन पारुबाई बाहेर येताच कुलदीप कानाशी लागला. "आजी, कोनतं बटन दाबलं?"

"साहेब! हे पोरगं मला धमकावून राहिलं!"

साहेबांनी कुलदीपला तत्काळ शंभर मीटरबाहेर घालवले. चुन्याच्या रेघेपलीकडे तो खाली मान घालून उभा राहिला. पारुबाई सावकाश तेथवर आल्या, रेघ ओलांडली, काठी काखेत मारली आणि हात पुढे केला.

"धर आता. हितून पुढं दबाव चालतो."

येथवर सोबत केल्याबद्दल वाचकांचा ऋणी आहे.

उत्तमराव खंदारे, सेनगाव