साहेबांना दिसलेला पक्षी

साहेबांना पक्षी दिसला तो दिवस रविवार होता. त्यामुळे हे दिसणे शासकीय समजावे की खाजगी, याबाबत कार्यालयात सुरुवातीला थोडा संभ्रम होता. पुढे तो दूर झाला. पक्षी शासकीयच ठरला.

नगर शहरातल्या या कार्यालयाचे नाव सांगण्यात अर्थ नाही. वाचकाने कधी ना कधी तिथे हेलपाटा मारलेलाच असतो. आधीचे साहेब भजनी होते, तेव्हा प्रत्येकाच्या टेबलाच्या खणात टाळ असत. त्यांच्या आधीचे बॅडमिंटनवाले होते. नवे राधाकृष्णसाहेब बदलून आले ते निसर्ग घेऊन आले. डॉक्टरांनी त्यांना मोकळ्या हवेत चालायला सांगितले होते आणि एकट्याने चालण्याची त्यांना सवय नव्हती. सबब ‘निसर्ग सहवास मंडळ’ स्थापन झाले. दर रविवारी गाड्या काढायच्या आणि अकोले तालुक्यातल्या डोंगरात भटकायला जायचे. सभासदत्व पूर्णपणे ऐच्छिक होते. ज्यांची इच्छा नव्हती त्यांनी ती का नाही, एवढेच लेखी कळवायचे होते. कोणीच कळवले नाही.

साहेबांच्या गाडीचा चालक मच्छिंद्र याचा निसर्गाशी संबंध फक्त सावलीपुरता होता. मंडळी डोंगराला लागली की तो झाड बघून गाडी लावी, सीट मागे पाडी आणि तोंडावर रुमाल टाकी. माणूस पुणतांब्याचा, गोदावरीकाठच्या सपाट मुलखातला. चढ हा गाडीने चढायचा असतो, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. मुलगी दिशा यंदा बारावीला होती. तिची परीक्षा होईपर्यंत नगरहून बदली होऊ नये, यापलीकडे त्याचे जगाकडे काही मागणे नव्हते.

पण त्या रविवारी साहेबांना समता आठवली.

“मच्छिंद्र, तू का गाडीत बसतोस? चल वर. निसर्गात कोणी लहानमोठा नसतो.”

निसर्गात कोणी लहानमोठा नसल्यामुळे सगळे वेतनश्रेणीप्रमाणे ओळीने चालू लागले. सर्वांत पुढे साहेब, त्यांच्या मागे अव्वल कारकून श्रीमंत भालसिंग, मग बाकीचे आणि शेवटी मच्छिंद्र. साहेब दमून थांबले की सगळे दमत. साहेबांना तरतरी आली की सगळ्यांना येई. राजूरच्या वरच्या अंगाला हिरड्याची झाडे लागली तेव्हा साहेबांनी एकदम हात वर केला. मागची सगळी ओळ जागीच गोठली.

“तो बघा,” साहेब हळूच म्हणाले. “निळा. शेपटी बघा केवढी लांब!”

सगळ्यांनी वर पाहिले. समोर हिरड्याचे झाड होते. झाडाला फांद्या होत्या. फांद्यांना पाने होती.

“वा!” भालसिंग म्हणाले. “काय रंग आहे साहेब!”

“मानेचा डौल बघा ना,” मागून कोणी तरी म्हणाले. त्याच्याही मागच्याला तुरा दिसला. कार्यालयातल्या स्नेहल मॅडमनी मोबाईल काढून झाडाचे फोटो घेतले. साहेबांचा चेहरा फुलला. आणि त्या आनंदात त्यांना पुन्हा समता आठवली.

“काय मच्छिंद्र, दिसला ना?”

मच्छिंद्रने मान इकडे केली, तिकडे केली. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला.

“न्हाई साहेब. निस्तं झाडच दिसतंय.”

“नीट बघ.”

“पान हाललं त्ये दिसलं. पाखरू न्हाई दिसलं.”

साहेब वळून पुढे चालू लागले. ते रागावले असते तर बरे झाले असते.

सोमवारी भालसिंगांनी मच्छिंद्रला बोलावून गाडीची किल्ली टेबलावर ठेवायला सांगितली. त्यांचा सूर अगदी मायेचा होता.

“तुझ्याच काळजीपोटी सांगतो. साहेबांच्या समोर, हाकेच्या अंतरावर, दिवसाउजेडी पक्षी होता. सगळ्यांना दिसला. तुला दिसला नाही, हे तू सर्वांसमक्ष कबूल केलंस. उद्या रस्त्यात म्हैस आली आणि तीही तुला दिसली नाही तर? गाडीत साहेब असतात रे.”

“साहेब, म्हशी दिसत्यात मला.”

“आज दिसतात. उद्याचं काय? डोळे तपासून ये. तोवर रेकॉर्ड रूमच्या बाकावर बसत जा.”

गाडीची गैरसोय नको म्हणून भालसिंगांनी तात्पुरता एक खाजगी चालक मिळवून दिला. तो त्यांचा मेहुणा निघाला, हा योगायोग.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मच्छिंद्रला खालच्या ओळीतली बारीकात बारीक अक्षरे वाचायला लावली. त्याने ती वाचलीच, शिवाय भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापखान्याचे नाव होते तेही वाचून दाखवले.

“घारीसारखे डोळे आहेत तुझे,” डॉक्टर म्हणाले. “मग दिसत काय नाही?”

“पाखरू.”

“कुठलं?”

“आता त्ये दिसलं असतं तर सांगितलं नसतं का?”

डॉक्टरांनी डोळे उत्तम असल्याचा दाखला लिहून दिला. मच्छिंद्र तो घेऊन जवळजवळ धावतच कार्यालयात आला. भालसिंगांनी दाखला वाचला आणि हळहळले.

“वाईट झालं रे. डोळे अधू असते तर सहानुभूतीनं विचार करता आला असता. डोळे चांगले आहेत आणि तरी दिसत नाही, याचा अर्थ काय? दिसून घ्यायची इच्छा नाही. हा आजार नव्हे, ही बेशिस्त. याला बदलीशिवाय इलाज नाही.”

घरी मच्छिंद्रने बायकोला सगळे सांगितले. कडूबाई भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

“दिसलं म्हना की मग.”

“आगं पर न्हाई दिसलं.”

“तुमच्या आईनं मला बघायला आल्यावर सांगितलं हुतं, पोरगं लई बोलकं हाय, हसरं हाय. मला तरी कुटं दिसलं आजपातुर? व्हय म्हनतेच ना चारचौघात? पोरीचं बारावीचं वरीस हाय. बदली झाली तर तिची शाळा त्ये पाखरू बघनार हाय का?”

मच्छिंद्र रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. पहाटे त्याने पक्षी बघायचा निश्चय केला.

दरम्यान पक्षी नावारूपाला आला होता. स्नेहल मॅडमनी काढलेला झाडाचा फोटो एका वर्तमानपत्रात छापून आला, रिकाम्या फांदीभोवती लाल वर्तुळ काढून. त्यामुळे पुढच्या रविवारी मंडळाच्या गाड्यांमागे शिक्षकांची बस होती, व्यापाऱ्यांची कुटुंबे होती, टोप्या आणि दुर्बिणी घेतलेले नवे निसर्गप्रेमी होते. सगळ्यांना पक्षी दिसत होता. बसचे भाडे भरलेले असल्यावर माणसाला न दिसून परवडत नाही.

मच्छिंद्र या वेळी शिक्षकांच्या बसमधून आला आणि कोणी न सांगता वर चढला. हिरड्याखाली पोहोचताच, साहेबांचा हात वर जायच्या आधीच तो ओरडला, “दिसलं साहेब! त्ये काय! जोडी हाय, जोडी!”

साहेबांनी एक पाहिला होता. चालकाने दोन पाहिले. वरिष्ठांपेक्षा जास्त पाहण्याची सेवाशर्तींत कुठेही तरतूद नाही.

“एक म्हण, एक!” भालसिंग दातांतल्या दातांत पुटपुटले.

पण साहेब झाडाकडे एकटक बघत होते. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू आले.

“मादी आहे ती,” ते म्हणाले. “मी मागच्याच वेळी पाहिली होती. बोललो नव्हतो.”

“साहेबांचा स्वभावच तसा,” भालसिंग म्हणाले आणि टाळ्या झाल्या. त्याच दिवशी मच्छिंद्रला किल्ली परत मिळाली, शिवाय मंडळाचा ‘मुख्य पक्षीनिरीक्षक’ हे पद आणि गळ्यात दुर्बीण. मेहुण्याची चहापाण्याची सोय भालसिंगांनी दुसरीकडे लावली.

गोष्ट इथे थांबती तर मच्छिंद्रने मुलगी बारावी झाल्याचे पेढे वाटले असते. पण नर आणि मादी म्हटल्यावर घरटे आले, घरटे म्हटल्यावर अंडी आली. अंड्यांना शांतता लागते. मंडळाने त्या उतारावरच्या सगळ्या हिरड्यांभोवती दोरी ओढली आणि ‘संवेदनशील परिसर, प्रवेश बंद’ असा फलक लावला. कोणाच्या अधिकारात, हे कोणी विचारले नाही. दोरी बांधलेली दिसली की माणूस अधिकार गृहीत धरतो.

त्यानंतरच्या रविवारी मच्छिंद्र गाडीपाशी उभा असताना एक म्हातारी काठी टेकत आली. तिचे नाव गोजरबाई. वर तिची वस्ती होती.

“जोडी दिसली त्यो तूच का रं बाबा?”

“व्हय, मावशी.”

“केवढं हाय पाखरू?”

मच्छिंद्रने हाताने माप दाखवले. म्हातारीने ते माप बोटांनी चाचपून बघितले, तेव्हा तिच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आल्याचे त्याच्या ध्यानात आले.

“येवढंसं व्हय? त्या दोरीत माझी हिरड्याची झाडं गेली समदी. औंदा हिरडा येचायचा कसा आन् राजूरच्या बाजारात न्यायचा काय? पोरं म्हनत्यात, पाखरूबिखरू काय न्हाई तितं. म्या म्हनलं, गपा. एवढी शिकली-सवरली मानसं गाड्या करून येत्यात ती काय येडी हायेत? आपल्याला दिसत न्हाई म्हनून नसतं का कुटं?”

मच्छिंद्र दुर्बिणीचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिला.

“तुला दिसतं, म्हनून इचारते,” गोजरबाई म्हणाली. “पिल्लं उडायला किती दिस लागत्याल, तेवढं बघून सांग. मी थांबंन तवर.”

ती भांडली असती तर त्याने उत्तर दिले असते. पण ती बिचारी पिलांसाठी थांबायला तयार होती. त्या आठवड्यात त्याला जेवण गोड लागले नाही. कडूबाईने दोनदा विचारले, त्याने दोन्ही वेळा हवेवर ढकलले.

पुढच्या रविवारी मंडळी दोरीबाहेर श्वास रोखून उभी होती. मच्छिंद्रने दुर्बीण डोळ्यांना लावली आणि एकदम हात आभाळाकडे फेकला.

“उडाली! समदी उडाली! पिल्लांसकट गेली!”

“कुठे?” साहेब कासावीस झाले.

“तकडं!” त्याने हात केला तिकडे गाडी उभी होती. “नगरकडं!”

सगळ्या माना एका वेगाने पश्चिमेकडून पूर्वेला वळल्या. स्नेहल मॅडमनी मोकळ्या आभाळाचा व्हिडिओ घेतला. साहेबांनी हात जोडले. एका शिक्षिकेला रडू आले. दुपारपर्यंत दोरी सुटली, गोजरबाई सुनांना घेऊन टोपल्यांसकट झाडाखाली आली, आणि मच्छिंद्र सीट मागे पाडून कितीतरी दिवसांनी घोरत झोपला.

पण साहेबांचे मन उडाले. ते खुर्चीत नुसते बसून राहू लागले. फायलींना हात लावीनात. साहेबांची ही अवस्था भालसिंगांना बघवेना. गुरुवारी त्यांनी धावत जाऊन दालनाचा पडदा बाजूला केला.

“साहेब! आली! आपल्या मागोमाग आली! आवारातल्या कडुलिंबावर!”

साहेब खिडकीशी आले. बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

मग पुढचे सगळे रीतसर झाले. पक्ष्यांना त्रास नको म्हणून आवारात हॉर्न बंद झाला. फोन वाजतो म्हणून उचलून बाजूला ठेवला गेला. फायली हलवल्या की कागद सळसळतात, म्हणून फायली हलवणे थांबले. शेवटी येणाऱ्याजाणाऱ्यांची वर्दळ नको म्हणून फाटक लावून घेतले. कार्यालयाचे कामकाज पूर्णपणे ठप्प झाले. ही गोष्ट बाहेर कोणाच्याही लक्षात यायला बरेच दिवस लागले.

ती लक्षात आल्यावर फाटकाबाहेर गर्दी वाढू लागली. साहेब काही निष्ठुर नव्हते. निसर्ग सर्वांचा आहे, असे ते म्हणाले. पक्षीप्रेमी नागरिकांना आत सोडायला हरकत नव्हती. पक्षीप्रेमी ओळखायचा कसा, हेही सोपे होते. ज्याला पक्षी दिसतो तो पक्षीप्रेमी. फाटकावर मुख्य पक्षीनिरीक्षकांची नेमणूक झाली.

मच्छिंद्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच प्रश्न विचारू लागला, “दिसला का?” पहिल्या दिवशी एकदोघे चाचरले. मग रांगेतच बातमी फिरली. लोक लांबूनच हात जोडत, मान वर करत आणि “दिसला, दिसला” म्हणत आत जात. सातबाराच्या उताऱ्यासाठी आलेल्याला नर दिसे, दाखल्यासाठी आलेल्याला मादी. मच्छिंद्रला रोज वाटे, एकाने तरी नाही म्हणावे. एकाने म्हटले की आपणही म्हणू. एकट्याने म्हणून बघितले होते. दोघांनी म्हटले तर गोष्ट वेगळी.

आणि एक दिवस रांगेत त्याला गोरक्षनाथ गुरुजी दिसले. पुणतांब्याच्या शाळेत त्यांनी त्याला शिकवले होते. खोटे बोलला म्हणून हातावर छडी मारणारे आणि मारून झाल्यावर स्वतःच उदास होणारे गुरुजी. निवृत्तीनंतर त्यांचे पेन्शनचे प्रकरण याच कार्यालयात अडकले होते. मच्छिंद्रने दुर्बीण गळ्यातून काढून बाजूला ठेवली.

“गुरुजी,” तो जवळ जाऊन म्हणाला, “नीट बघा. काय घाई न्हाई. जे दिसंल त्येच सांगा.”

गुरुजींनी त्याला ओळखले. खांद्यावर हात ठेवला. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला. लिंबाकडे बराच वेळ बघितले. मग काखेतल्या कागदांच्या पिशवीकडे बघितले.

“तीन आहेत रे,” गुरुजी म्हणाले. “ते पिल्लू पण गोड आहे.”

मच्छिंद्रने फाटक उघडले. एक पिल्लू जास्त दिसल्यामुळे गुरुजींचे काम आधी झाले.

आपण हसलात, हे चांगलेच झाले. एखादा कागद आपलाही तिथे पडून असेल, कोणाचा नसतो? तेव्हा या. रांग लांब असते, पण भराभर सरकते. फाटकापाशी मच्छिंद्र फारसे काही विचारत नाही, फक्त वर बघायला सांगतो. पक्षी नाही दिसला, तर नाही म्हणा. तो बिचारा अजून वाट बघतो आहे.