रशीदभाईंची गिनती

माझ्या पिवळ्या ब्लाउजची डावी बाही उजवीपेक्षा बोटभर लांब आहे. त्याला कारण कामरगावला सकाळी येणारी एसटी. रशीदभाईंनी मापाच्या ब्लाउजवर टेप धरला होता, तेवढ्यात दुकानासमोर गाडी थांबली.

"थांबा भाबी!" म्हणून ते दाराशी. ओठात टाचणी, बोटांवर मोजणी. "उतरले अकरा, चढले सात, मांडीवरचे दोन." वहीत लिहिलं, अन् बाही विसरले ती विसरलेच.

शेजारीण म्हणून सांगते, माणूस पहिले असा नव्हता. नाद लावला तो त्यांच्या शबानानं. तिची आई लवकर गेली. बापानं मशीन चालवून वाढवली, अन् पोरगी गेली अमरावतीला संख्याशास्त्र शिकायला. गाव चिडवायचं, "गिनती त पहिलीतच शिकवतात ना! त्याच्यासाठी कॉलेज कायले?" रशीदभाई कैची खाली ठेवायचे. "तुमी टोपलीतले सारे आंबे मोजता. माही पोरगी चार पाह्यते अन् टोपली सांगते!"

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तिला गाडीतल्या माणसांचे आकडे हवे होते. बापानं ते काम अंगावर घेतलं. रविवारी दहाला फोन. रशीदभाई वाचणार, ती लिहून घेणार. मांडीवरची लेकरं मोजायची नाहीत, असं ती म्हणाली, तर यांचं भांडण. "काहून? जीव नाही का त्यायले?" शेवटी लेकरांचा रकाना वेगळा पडला. एकदा मी "आठ-दहा उतरले असतील" म्हटलं, तर केवढे तापले! "अंदाजे नका सांगू भाबी. शास्त्र हाय हे."

आकड्यांपलीकडे बापलेकीला बोलणं सुचायचंच नाही. म्हणून पदवी घेऊन ती पुण्याला नोकरीला लागली, तेव्हा मला धाकधूक. आता वही बंद, म्हणजे फोनही बंद. पण रशीदभाई मोजतच राहिले.

"आता कायले मोजता?"

"तिनं थांबा म्हटलं नाही."

मग त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. धुळीत बसायला मनाई, म्हणून आठवडाभर वही माझ्याकडे. तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली. उतरले, चढले, मांडीवरचे, अन् शेवटी एक बिननावाचा रकाना. फक्त रविवारी भरलेला.

'दोनदा हसली.'
'आवाज बसलेला.'
'घाईत होती.'
'जेवली का, विचारायचं राहिलं.'

त्या रविवारी फोनवर आकडे मीच वाचले. शबानानं सगळे ऐकून घेतले.

"अन् मांडीवरचे, काकू?"

"पाच. अन् एक बकरी. तिले कुठं लिहू?"

ती हसली.

"बकरीले बी जीव हाय," खाटेवरून रशीदभाई. ती पुन्हा हसली.

"अब्बा, तिकीट काढलं होतं का तिनं?" अन् स्वतःच्याच बोलण्यावर पुन्हा.

फोन ठेवला. डोळ्यावर हिरवी पट्टी लावलेले रशीदभाई वहीची कड चाचपत राहिले. मागायला संकोचत होते. मीच पेन उघडलं.

"तीनदा हसली," मी म्हटलं.

"अंदाजे?"

"नाही हो. मोजून."