वेंडेलिनसाहेब मूकपटवाले बंद कोठीत बसले, त्याची बखर

श्री. ज्याचे नाम घेतां बुवांचा बसलेला आवाज सुटतो आणि मागल्या रांगेत पेंगणारा श्रोता जागा होऊन टाळी धरितो, त्या भगवंताचे चरणी मस्तक ठेवून लिहितो ऐसे जे : शके अठराशे एकावन, शुक्लनाम संवत्सर, ते साली पश्चिमेस जर्मन लोकांचे मुलुखात, जेथे थंडी बहुत आणि हरिकीर्तन नाही, एक राज्य नांदत होते. राज्यास नाव नव्हते, वेस नव्हती, तोफखाना नव्हता. काचेच्या छपराचे एक भले थोरले घर, त्यात चित्रपट काढीत, तेवढेच राज्य. परंतु त्यात किल्ले होते, समुद्र होता, स्वर्ग आणि नरक होते, सर्व लाकडाचे व पुठ्ठ्याचे. आणि गादीवर श्रीमंत ल्युडर्स, पूर्वी साबणाचा व्यापार करीत, तो बुडाल्यावर चित्रांचा करू लागले. ते काळी चित्रे मुकी असत. पडद्यावर माणूस तोंड हालवी, आवाज नाही. त्या मुक्या राज्याचे सेनापती वेंडेलिनसाहेब ट्राउबे, दिग्दर्शक. आणि ईश्वराची लीला ऐसी की त्यांच्याइतका मोठ्याने बोलणारा पुरुष त्या मुलुखात दुसरा नव्हता. त्यांची ही हकीकत.

साहेबांचे तीर्थरूप लहानशा गावी धर्मोपदेशक होते. प्रार्थनेस गाणाऱ्या मुलांत त्यांनी चिरंजीवास उभे केले, आणि चिरंजीवांनी तोंड उघडले, तो छतापर्यंत उंच बाजाची पेटी ऐकू येईना. मग वाजवणाऱ्याने हात उचलून विचारले, "मी वाजवू की घरी जाऊ?" तेव्हा तीर्थरूपांनी पुत्रास गाण्यातून काढून घंटेच्या दोरीपाशी नेमिले. पुढे साहेब वयात आले आणि नाटक मंडळीत चाकरीस राहिले. चाकरी ऐसी की, रंगमंचाखालील भोकात बसावे आणि नट शब्द विसरला तर हळूच पुरवावा. साहेबांस हळूच हा प्रकार ठाऊक नव्हता. एके दिवशी राजाचे सोंग घेतलेला नट अडखळला, आणि साहेबांनी खालून शब्द दिला तो ऐसा दिला की लोकांनी राजास सोडून भोकास टाळ्या दिल्या. मग राजाने मुकुट काढून आपटला आणि मालकास म्हणाला, "हा तरी राहील, नाही तर मी." राजा राहिला. साहेब बाहेर पडले आणि हिंडत हिंडत काचेच्या घरापाशी आले आणि दारवानास पुसते झाले, "इथे ओरडलेले चालते का?" दारवान म्हणाला, "वाटेल तेवढे ओरडा. मुकी चित्रं आहेत, कोणाला ऐकू जायचंय?" ते ऐकून साहेबांनी तेथेच टोपी काढून आकाशाकडे पाहिले आणि आत प्रवेश केला.

आता त्यांची चित्र काढण्याची रीत लिहितो. यंत्र फिरू लागले की साहेब हातात पत्र्याचा कर्णा घेऊन उभे राहात आणि नट-नटीस आख्यान लावीत. आपले बुवा उत्तररंगात शिरले म्हणजे द्रौपदी कोण, दुःशासन कोण, बुवा कोण, हे श्रोत्यांस उमगत नाही आणि सारे रडत सुटतात, तैसेच. "दार वाजले," साहेब सांगत, "वारा आहे. नाही, वारा नव्हे, कोणी आले. उठू नकोस. आता ऊठ." आणि मग स्वतः रडत आणि समोरच्यास रडवीत. ओटिलीबाई याच रीतीने सापडल्या. त्या बेकरीत कामास होत्या आणि पावाची टोपली घेऊन काचेच्या घरात आल्या होत्या. साहेब कोणा नामांकित नटीस आख्यान सांगत होते आणि नटी काही केल्या रडेना, आणि दारात टोपली धरून उभी ही मुलगी मात्र डोळे पुसू लागली. मग साहेबांनी कर्णा खाली ठेवून म्हटले, "तू कोण?" ती म्हणाली, "पाववाली." साहेब म्हणाले, "टोपली ठेव आणि इकडे ये." टोपली ठेवली ती परत उचलली नाही. त्या दिवसापासून साहेब बोलत आणि ओटिलीबाई करीत, आणि ती चित्रे देशोदेशी गेली आणि लोक रडले, आणि श्रीमंतांनी नवा गालिचा घेतला.

मात्र शेजाऱ्यांस उपद्रव बहुत झाला. काचेच्या घरात एका छपराखाली दोन-तीन चित्रे चालत. साहेबांच्या डाव्या अंगास एक विनोदी चित्र चालले होते, त्यात जाडा नट केळीच्या सालीवरून घसरावयाचा. तो घसरावयास निघाला, इकडे साहेब कर्ण्यातून सांगत होते की, आईने शेवटचा घास मुलासाठी राखला आणि आपण उपाशी निजली. ते ऐकून जाडा नट सालीपाशी थबकला आणि ढळाढळा रडला. मग तक्रार श्रीमंतांकडे गेली. श्रीमंतांनी उभय पक्षांचे ऐकून निवाडा केला की, विनोदी दिग्दर्शकानेही ओरडावे. येणेप्रमाणे न्याय झाला आणि मुक्या चित्रांच्या राज्यात कान किटून गेले.

ऐसे चालले असता समुद्रापलीकडून वार्ता आली की चित्रे बोलू लागली. मग श्रीमंतांची धावपळ उडाली. काचेचे छप्पर लाकडाने झाकिले, भिंतींस गाद्या ठोकिल्या, दारावर तांबडा दिवा बसविला, आणि हुकूम जाहला की, दिवा लागला म्हणजे कोणी बोलू नये, खोकू नये, जोडे वाजवू नयेत. चित्र घेण्याचे यंत्र खडखडे, तो आवाज चित्रात शिरू नये म्हणोन यंत्रासाठी जाड भिंतींची बंद कोठी केली. त्या कोठीस दोन काचेचे झरोके, एकातून यंत्राने पाहावे, दुसऱ्यातून मनुष्याने. त्यात यंत्र फिरवणारे इग्नात्स यांस कोंडीत, आणि ते घामाघूम होऊन बाहेर येत. ध्वनीच्या खात्यावर डॉक्टर कुंट्से नामे अंमलदार आले. ते कानांस ऐकण्याच्या तबकड्या लावून बसत आणि माशी उडाली तरी हात वर करीत. आणि श्रीमंतांनी साहेबांस बोलावून सांगितले, "तुमची ओटिली मुक्या चित्रात उत्तम. पण बोलता येतं का तिला? एक प्रसंग घेऊन दाखवा. जमलं तर ठीक, नाहीतर नाटकातल्या बाई तयार बसल्यात." साहेब म्हणाले, "श्रीमंत, ती तयारच आहे." श्रीमंत म्हणाले, "तुम्ही तयार आहात का, ते बघा."

प्रसंग थोडका होता. कोळ्याचे घर, म्हातारा बाप मेजाशी बसला आहे, पोरगा होडी घेऊन गेला तो परतला नाही, आणि ते वर्तमान लेकीस कळले आहे, बापास नाही. लेकीने रस्सा आणून ठेवावा आणि म्हणावे, "बाबा, जेवून घ्या. हेन्रिक यायचा नाही." इतकेच. तांबडा दिवा लागला, सर्वत्र चिडीचूप झाले, ओटिलीबाई भांडे घेऊन आल्या, आणि साहेबांनी सवयीप्रमाणे गर्जना केली, "हळू. भांडं गरम आहे. आता बापाकडे बघ." डॉक्टर कुंट्से कान धरून खुर्चीवरून उठले. मग यंत्रावर घेतलेले वाजवून दाखविले, तो सर्व खोलीत एक घोगरा आवाज घुमला. साहेब म्हणाले, "हा कोण गृहस्थ मधेच ओरडतो?" डॉक्टर म्हणाले, "आपणच." साहेबांनी जन्मात आपला आवाज बाहेरून ऐकला नव्हता. ते म्हणाले, "यास कोणी हाकलून कसे दिले नाही?" इग्नात्स म्हणाले, "दिलं होतं ना, दोनदा."

मग दुसऱ्या खेपेस साहेबांनी तोंडात अखंड सफरचंद धरिले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. दिवा लागला. ओटिलीबाई भांडे घेऊन आल्या आणि उभ्या राहिल्या, आणि उभ्याच राहिल्या. रश्श्यावर साय धरली. बापाचे काम करणारे म्हातारे नट हळूच म्हणाले, "मुली, मी मरायच्या आत सांग काय ते." तरी शब्द निघेना. दिवा विझल्यावर साहेबांनी सफरचंद काढून विचारले, "काय झालं, पोरी?" ती म्हणाली, "तुम्ही बोलला नाहीत." साहेब म्हणाले, "मी बोललो तर बिघडतं." ती म्हणाली, "आणि नाही बोललात तर मला कळत नाही कधी रडायचं ते." आतल्या सज्जावरून श्रीमंत पाहात होते. ते म्हणाले, "उद्या शेवटचं. मग नाटकातल्या बाईंना बोलावतो." ते ऐकून ओटिलीबाईंचा चेहरा पांढरा पडला, कारण बेकरीत त्यांच्या जागी दुसरी केव्हाच लागली होती, आणि साहेबांचा पडला, कारण आपल्या जिभेपायी पोरीचे पोट जाणार हे त्यांस दिसले.

दुसरे दिवशी मसलत बसली. एक म्हणाला, हाताने खुणा कराव्या. डॉक्टर म्हणाले, साहेबांच्या कोटाच्या बाह्या सळसळतात. दुसरा म्हणाला, साहेबांस गावी पाठवावे. तेव्हा ओटिलीबाई म्हणाल्या, "यांना इग्नात्सच्या कोठीत कोंडा ना. ओरडू देत आत. आवाज बाहेर येणार नाही, आणि मला काचेतून तोंड दिसेल." सर्वांस मसलत मानवली, एक इग्नात्स खेरीज. ते म्हणाले, "आणि मी कुठं जाऊ?" बाई म्हणाल्या, "आतच. कानात कापूस घाल." इग्नात्स म्हणाले, "बाई, कापसाची गोणी लागेल." मग साहेब अंग चोरून कोठीत शिरले, दार लाविले, खिळी घातली, आणि सेनापती आपल्याच राज्यात कैद झाले.

दिवा लागला. आत साहेबांनी आख्यान आरंभिले आणि जन्मात ओरडले नव्हते तैसे ओरडले, कारण आज पोरीचे सर्व त्यावर होते. "भांडं घट्ट धर. चार पावलं. त्याच्याकडे बघू नकोस, बघितलंस तर संपलं." इग्नात्स एका हाताने यंत्र सांभाळीत आणि दुसऱ्याने कान दाबीत. परंतु कोठी लहान, दोन माणसांची ऊब, आणि साहेबांच्या तोंडची वाफ. पाहता पाहता साहेबांचा झरोका आतून धुरकटला आणि पांढरा झाला; यंत्राचा झरोका यंत्राच्याच तोंडाने झाकलेला, तो वाचला. साहेबांस बाई दिसेनात आणि बाईंस साहेब दिसेनात, आणि साहेबांस ते कळले नाही, कारण ते डोळे मिटून सांगत होते. "आता भांडं ठेव," ते म्हणाले, "सावकाश, आवाज होऊ देऊ नकोस. अजून रडू नकोस. अजून नाही." मग डोळे उघडले तो समोर पांढरे. बाहीने काच पुसली आणि पाहिले. भांडे केव्हाच मेजावर ठेवले होते. बाई बापाच्या खुर्चीशी गुडघे टेकून बसल्या होत्या, त्याच्या हातात चमचा देत होत्या आणि त्यांचे ओठ हालून चुकले होते. आणि त्या रडत नव्हत्या. बापाच्या अंगरख्याचे बटण उघडे होते, ते लावीत होत्या. ऐसे साहेबांनी सांगितले नव्हते आणि सांगावयास सुचलेही नसते. त्यांनी कर्णा खाली ठेविला. बाहेर डॉक्टर कुंट्से तबकड्या काढून रुमाल शोधीत होते.

दिवा विझला, खिळी काढली, आणि श्रीमंत सज्जावरून धावत उतरले आणि म्हणाले, "वाहवा, काय ओरडलात. कोठीत बसूनच ओरडत जा. सगळ्याच दिग्दर्शकांना कोंडतो." आणि तैसा हुकूम जाहला, आणि ते साली राज्यात कोठ्या बांधणाऱ्या सुतारांस बरकत आली. ओटिलीबाईंची जागा कायम झाली. साहेबांनी कोणास काही सांगितले नाही. बाईंनी येऊन विचारले, "बरं झालं का? काच एकदम पांढरी झाली. घाबरले मी. मग वाटलं, पांढरी आहे म्हणजे तुम्ही आत ओरडताय, आणि बोलून टाकलं." साहेब म्हणाले, "हो. ओरडतच होतो."

त्या पुढील चित्रात साहेब आपण होऊन कोठीत शिरले आणि स्टुलावर बसले, आणि यंत्र सुरू झाले तरी मुखातून शब्द नाही. इग्नात्स यांनी सवयीने कापूस घातला होता तो काढून पाहिला आणि म्हणाले, "साहेब, बोला काहीतरी. चुकल्याचुकल्यासारखं होतंय." साहेब म्हणाले, "काय सांगू? तिला सगळं येतं." आणि पुढे वाकून झरोक्याच्या काचेवर तोंड नेले आणि एक लांब श्वास सोडला, मग दुसरा, आणि काच पांढरी केली. इग्नात्स म्हणाले, "हे कशाला?" साहेब म्हणाले, "तिला वाटेल मी ओरडतोय." बाहेर ओटिलीबाईंनी काचेकडे एकवार पाहिले, जेवणाचे ताट उचलले आणि बोलू लागल्या.

येणेप्रमाणे वेंडेलिनसाहेब ट्राउबे यांची कारकीर्द. मुकी चित्रे त्यांनी ओरडून केली आणि बोलकी चित्रे काचेवर फुंकर घालून. लोकांनी दोहोंस सारखेच डोळे पुसले, आणि श्रीमंतांच्या दप्तरी नोंद राहिली की बोलपटातील त्यांचा आवाज विशेष उपयोगी पडला. पुढे आवाजाचे यंत्र सुधारले, कोठ्या मोडल्या, साहेबांनी निवृत्ती घेतली आणि गावी जाऊन वडिलांच्या देवळात शेवटच्या बाकावर बसू लागले. गाणाऱ्या मुलांनी त्यांस पुष्कळ म्हटले की आजोबा, तुम्हीही म्हणा. ते मान हालवीत आणि ऐकत. इति लेखनसीमा. श्रोत्यांस आणि सांगणारांस भगवंत सुखी ठेवो.