पोहरा, पंप आणि निव्वळ दुधाचा चहा

"इतली बारीक धार तं मन्ही आटेल म्हैस बी देस!" बोअरमधून थेंबथेंब पाणी उपसणाऱ्या पंपाकडे बघत भिकुबाई समीक्षाच्या कानाशी पुटपुटल्या.

समीक्षानं हसू गिळलं. शिंदखेड्याबाहेरच्या पेट्रोलपंपाची जमिनीतली टाकी गळाली होती. ते पेट्रोल भिकुबाईंच्या अंगणातल्या बोअरपर्यंत पोचलंय का, हे बघायला ती योगेंद्रसरांबरोबर धुळ्याहून आली होती. अहवाल वाईट आला की बोअरला सील! मग चार म्हशींनी प्यायचं काय?

मागच्या खेपेला दोन तऱ्हांनी नमुने घेतले होते. समीक्षानं दोरीला बांधलेली नळी पोहऱ्यासारखी अलगद सोडून वर काढली. पेट्रोल शून्य! सरांनी लाडक्या नव्या पंपानं थेंबथेंब उपसलं. पेट्रोल भरपूर!

"बघितलंस? पोहऱ्याला हिसके बसतात, पेट्रोल उडून जातं. माझ्या पंपातून वाफसुद्धा निसटत नाही!"

खातरजमेसाठी प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणीही सरांनी इथेच बाटलीत भरलं होतं. त्यातही पेट्रोल निघालं.

"ती प्रयोगशाळाच पेट्रोलनं धुतात वाटतं!" सर म्हणाले होते.

आज पुन्हा तेच. पंपाच्या जनरेटरमध्ये सरांनी कॅनमधलं पेट्रोल स्वतः ओतलं, कारण दुसऱ्या कुणावर त्यांचा भरवसा नव्हता. हात पँटला पुसले आणि बाटल्या भरायला बसले. हातमोजे? छे! त्यानं म्हणे झाकणाचा अंदाज येत नाही. ड्रायव्हर झुलाल आभाळाकडे बघू लागला, समीक्षा चपलेकडे. सांगणार कोण? गेल्याच महिन्यात 'नमुना आणि स्वच्छता' यावर सरांनी दोन तास व्याख्यान झोडलं होतं!

भिकुबाईंनी चहा आणला. सरांनी कप तोंडाशी नेला आणि ताडकन उठले.

"पेट्रोल! अक्का, चहाला पेट्रोलचा वास! समीक्षा, लिही, बोअर आजच सील!"

भिकुबाईंचा चेहरा नासलेल्या दुधासारखा फाटला.

"भाऊ, यामा पानीना टिपका बी नही! पाव्हनासले आम्ही निव्वळ दूधना चहा देतस!"

झुलालला ठसका लागला. सरांनी कपाकडे बघितलं, मग गोठ्याकडे, आणि त्यांचे डोळे विस्फारले.

"म्हणजे... थेट म्हशींपर्यंत पोचलं? लिही! चारही म्हशींचे नमुने, पंपानं!"

चारही म्हशी एकदम रवंथ करायच्या थांबल्या. भिकुबाई दावणीपुढे आडव्या उभ्या राहिल्या.

समीक्षानं पेनाला टोपण लावलं.

"सर," ती म्हणाली, "आधी हात धुवा."