पाचशे मीटरच्या आतली माणसं

माणसाला चालायला पाय असले, तरी ते नेमके कुठे टाकावेत याबद्दल बांधकाम नियमावलीत एक ओळही नाही. गाडी कुठे ठेवावी याबद्दल मात्र चौदा पानं आहेत.

परवानगी विभागातले एक अभियंते या चौदा पानांवर अकरा वर्षं नाराज होते. विभागात त्यांना 'फूटपट्टी' म्हणत (तोंडावर 'फूटपट्टीसाहेब'). त्यांचं म्हणणं साधं होतं. रेल्वे स्थानकापासून पाचशे मीटरच्या आत नवी इमारत उभी राहिली, तर तिथे घरटी एका गाडीची जागा कशाला? चार घरांमागे एक पुरे. उरलेल्या जागेत झाडं लावा, बाकं टाका. माणसं चालत स्थानकावर जातील. अंतर नकाशावर सरळ रेघ ओढून न मोजता 'प्रत्यक्ष चालण्याच्या मार्गाने' मोजावं, ही शब्दयोजनाही त्यांचीच. तिचा त्यांना पोटच्या पोरीइतका अभिमान होता. "माणूस काही कावळ्यासारखा उडत जात नाही," असं ते प्रत्येक बैठकीत सांगत.

रीतसर सूचना व हरकती मागवल्या. सहाशे बारा पत्रं आली, पैकी पाचशे अठ्ठ्याण्णव स्वागताची. शहरात गाड्या फार झाल्यात, यावर कोणाचंच दुमत नव्हतं. (कोणाच्या फार झाल्यात, हा रकाना अर्जात नव्हता.)

नियम झाला. त्याखाली उभी राहिलेली पहिली इमारत स्थानकापासून चारशे अडुसष्ट मीटरवर होती. घरं अठ्ठेचाळीस, गाड्यांच्या जागा बारा. बाकी छत्तीस घरांनी 'आमच्याकडे गाडी नाही व असणार नाही' असं प्रतिज्ञापत्र दिलं. त्यातलं एक घर फूटपट्टीसाहेबांनी स्वतः घेतलं आणि गाडी विकून टाकली. बायको दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, तेव्हा ती न बोललेलीच बरी होती असं त्यांना वाटलं.

पण घर घेण्यामागे आणखी एक कारण होतं. त्यांच्या आईची धाकटी बहीण तीन स्थानकं पलीकडे राहायची. दर गुरुवारी आई काठी टेकत स्थानकावर जायची, दुपारभर बहिणीशी बोलायची आणि दिवेलागणीला परत यायची. कोणाची मनधरणी न करता घराबाहेर पडता येणं, याला ती बहात्तराव्या वर्षी 'चैन' म्हणायची. ही चैन तीन महिने टिकली.

कारण हळूहळू उरलेल्या घरांच्या गाड्या आल्या. एकूण एकतीस. प्रतिज्ञापत्राचा भंग कोणीही केला नव्हता. चौदा गाड्या सासऱ्यांच्या नावावर होत्या, नऊ कंपनीच्या, पाच परदेशी गेलेल्या भावांनी 'जरा बघा' म्हणून ठेवलेल्या, आणि तीन बेवारस (मात्र रोज सकाळी कोणीतरी त्या धुऊन पुसून ठेवायचं). त्या सगळ्या स्थानकाकडे जाणाऱ्या फुटपाथवर उभ्या राहिल्या. माणसांना चालता यावं म्हणून फुटपाथ मुद्दाम रुंद केला होता, त्यामुळे गाड्यांची अजिबात गैरसोय झाली नाही.

मग सोसायटीचे सचिव घरी आले. ते दातांचे डॉक्टर होते आणि दुखेल असं काही सांगण्याआधी हसत.

"साहेब, तुमचा नियम एकदम उत्तम. फक्त तो आपल्या इमारतीला लागू नाही."

"लागू नाही म्हणजे?"

"प्रत्यक्ष चालण्याचा मार्ग, असं लिहिलंय तुम्ही. एकदा चालून बघा."

सोसायटीने अर्ज केला. कार्यालयाने फेरमोजणीचा आदेश काढला आणि या विषयातले जाणकार म्हणून मोजणीला फूटपट्टीसाहेबांनाच पाठवलं.

ते मोजणीचं चाक घेऊन निघाले. गुरुवार होता, म्हणून आईही बरोबर निघाली. पहिल्या गाडीला वळसा घालून दोघं रस्त्यावर उतरली, पुढच्या फटीतून फुटपाथवर चढली, पुन्हा उतरली. एके ठिकाणी तर समोरच्या बाजूला जाऊन परत यावं लागलं. प्रत्येक उतरणीला आई थांबायची, काठीने कडा चाचपायची आणि मुलाचा दंड धरायची. स्थानकाच्या दारात पोचेपर्यंत तिची गाडी सुटली होती.

"किती भरलं?" तिने बाकावर टेकत विचारलं.

"पाचशे एकतीस."

"आणि या मोटारी नसत्या तर?"

"चारशे अडुसष्ट."

"मग कागदावर काय लिहिणार?"

"चारशे अडुसष्ट लिहिलं तर नियम वाचतो, आई."

"पण मी किती चालले?"

"पाचशे एकतीस."

"मग तेच लिही. मी काय कावळा आहे?"

त्यांनी पाचशे एकतीस लिहिलं. खाली पाऊण पान शेराही लिहिला, की सदर अंतर हे अंतर नसून गाड्या आहेत. वरिष्ठांनी आकडा ठेवला आणि शेऱ्यासमोर 'निरंक' लिहिलं, कारण रकाना दोन ओळींचा होता.

सबब, इमारत स्थानकापासून दूर असल्याचं सिद्ध झालं. झाडं निघाली, बाकं निघाली, छत्तीस जागा आखल्या गेल्या. त्या दिवशी फूटपट्टीसाहेबांनी खिडकीचा पडदा लावून घेतला.

फुटपाथ चार दिवस मोकळा होता. त्या चार दिवसांत गुरुवार आला नाही. पाचव्या दिवशी घरोघरच्या दुसऱ्या गाड्या आल्या.

फूटपट्टीसाहेबांच्या वाट्यालाही एक जागा आली होती. तिथे आई खुर्ची टाकून बसू लागली आणि बहिणीशी फोनवर बोलू लागली. आठवड्याभरात सोसायटीची नोटीस आली : वाहनतळाच्या जागेत वाहनाव्यतिरिक्त अन्य वस्तू ठेवू नये. फूटपट्टीसाहेबांनी ती दोनदा वाचली. त्यातली 'अन्य वस्तू' खुर्ची की आई, याचा खुलासा त्यांनी लेखी मागितला आहे.

हे वाचून आपल्याला वाईट वाटलं असणार. आपण सुजाण आहात. फक्त एक करा. खाली फुटपाथवर ती राखाडी गाडी आहे ना, तेवढी जरा पुढे घ्या. दोनच मिनिटांसाठी लावलीय, ते आम्हाला ठाऊक आहे. पण एक म्हातारी मघापासून तिच्यापाशी उभी आहे, आणि रस्त्यावर उतरायला घाबरतेय.