पश्चिमेची भिंत आणि आयुष्मती संजना

भिंत कधी रंगवायची हे लताबाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये त्यांची आई पावसाळा सरला की भिंतीवरून तळहात फिरवायची. हात पांढरा झाला की चुना भिजवायची, त्यात डिंक आणि चिमूटभर नीळ. ते निळसर पांढरं घर लताबाईंच्या डोळ्यांसमोर अजून लख्ख उभं होतं.

नाशिकात जेलरोडच्या कॉलनीत त्यांचं स्वतःचं घर होतं. एप्रिल संपता संपता त्यांनी पश्चिमेच्या भिंतीवरून हात फिरवला आणि तो नवऱ्यापुढे धरला.

"बघा. पीठ मळून आल्यासारखा झालाय. ऊन सगळा रंग खाऊन बसलंय. पावसाआधी रंग काढला नाही, तर पाणी थेट संजनाच्या खोलीत येणार."

मल्हारीराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "लग्नकार्य नसताना घराला कुणी रंग काढतं का?"

कॉलनीचा रिवाजच तसा होता. घराला रंग म्हणजे लग्न. मुलाच्या, राकेशच्या लग्नात घर रंगलं, त्यावर ऊन-पाऊस झेलत भिंती उभ्या होत्या, कारण पुढचं लग्न लेकीचं, संजनाचं आणि संजना लग्नाचं नाव काढू देत नव्हती. सिन्नरच्या कारखान्यात तिला चांगली नोकरी होती. मागच्या वेळी मल्हारीरावांनी एका स्थळाचा फोटो दाखवला, तेव्हा तिने शांतपणे सांगितलं होतं, "पुन्हा हा विषय निघाला तर मी सिन्नरला खोली घेऊन राहीन." तेव्हापासून लताबाई घरात शेजारच्या लग्नाची पत्रिकासुद्धा उलटी ठेवत. पोरगी संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरते, चपला काढता काढता "आई, चहा" म्हणते, एवढं सुख त्यांना गमवायचं नव्हतं.

तर नवऱ्याला न जुमानता त्यांनी रहेमानला फोन केला. रहेमान पेंटर राकेशच्या लग्नापासूनचा ओळखीचा. "रहेमानभाई, यंदा रंग काढायचाय," एवढंच त्या बोलल्या.

"काढू की भाभी. खूप वाट पाहिली मी ह्या फोनची," रहेमान म्हणाला. आवाज जरा भरून आल्यासारखा वाटला. लताबाईंना वाटलं, सर्दी असेल.

काम सुरू झालं. परांची बांधली, भिंत खरवडली, प्रायमरचा हात बसला. लताबाई खाली खुर्ची टाकून मुकादमासारख्या बसल्या. "तापल्या भिंतीला ब्रश लावायचा नाही, रहेमानभाई. रंग बसायच्या आधीच वाळतो, मग पोपडे सुटतात. पश्चिमेची भिंत सकाळी रंगवायची. ऊन तिकडे वळलं की हात थांबवायचा."

"जी भाभी."

एवढी चोख व्यवस्था लावून दुसऱ्या दिवशी त्या निर्धास्तपणे बहिणीकडे इगतपुरीला गेल्या. घोटाळा झाला तो त्या चोख व्यवस्थेमुळेच. दुपार झाली, पश्चिमेची भिंत तव्यासारखी तापली, आणि सांगितल्याप्रमाणे रहेमानने हात थांबवला. पण कामाचा माणूस रिकामा किती वेळ बसणार? दाराशेजारी गार सावलीची भिंत होती. मल्हारीराव आत घोरत होते. रहेमानने बारीक ब्रश काढला.

संध्याकाळी लताबाई रिक्षातून उतरल्या, तर फाटकाशी निम्मी कॉलनी. सगळ्यांच्या पुढे समोरची मीना.

"लताताई, आम्ही काय परके होतो का? निदान पेढा तरी द्यायचा."

"कशाचा पेढा गं?"

मीनाने भिंतीकडे बोट केलं. दाराशेजारी कमळाच्या दोन फुलांमध्ये, वळणदार अक्षरांत लिहिलं होतं: मंगल परिणय. त्याखाली, आयुष्मती संजना. मग 'आणि'. मग हातभर मोकळी जागा.

लताबाई तिथल्या तिथे पायरीवर बसल्या. "रहेमानभाई, हे काय केलंत?"

"मल्हारीभाऊ राकेशच्या लग्नातच बोलले होते ना. म्हणाले, आता तुला संजनाच्याच लग्नाला बोलावणार. तुम्ही बोलावलं, मी समजलो." रहेमान खुशीत होता. "दुल्ह्याचं नाव तुम्ही सांगितलं नाही, म्हणून जागा सोडली."

"पुसा ते. पोरगी यायच्या आत पुसा."

"ऑइल पेंट आहे, भाभी."

"आणि मी तर फोटो ग्रुपवर टाकला," मीना म्हणाली. "खाली सगळे नावं सुचवतायत."

तेवढ्यात कोपऱ्यावर कंपनीची बस थांबली. संजना आली. तिने गर्दी पाहिली, भिंत पाहिली, चष्मा पुसून परत पाहिली. लताबाईंना सिन्नरची ती खोली डोळ्यांपुढे दिसायला लागली. एक खाट, एक गॅस, आणि पोरगी एकटी.

"संजू, देवाशप्पथ मी फक्त पावसासाठी..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत एक मोटरसायकल करकचून थांबली. हेल्मेट काढत एक घामेजलेला तरुण उतरला. कुणाकडे न पाहता सरळ भिंतीपाशी गेला आणि त्या मोकळ्या जागेवर हात ठेवून उभा राहिला.

"चाचा, इथे कुणाचं नाव येणार आहे?"

"अजून ठरलं नाही, बेटा."

त्याने मोठा श्वास सोडला. "मग महेश बसेल का?"

रहेमानने वीत लावून जागा मोजली. "आरामात बसेल."

"अहो, पण तुम्ही कोण?" मल्हारीराव बनियनवरच बाहेर आले होते.

"जय भीम, काका. मी महेश. संजनाच्याच खात्यात आहे. फोटो फिरत फिरत माझ्याकडे आला. ही आज गप्प होती, मला वाटलं माझा पत्ता कट झाला."

मल्हारीरावांनी मुलीकडे पाहिलं. "तू तर म्हणाली होतीस, विषय काढायचा नाही."

"तुम्ही काढायचा नाही, असं म्हणाले होते मी," संजना म्हणाली. "मी काढणार नाही असं कुठे म्हणाले?"

"मग कधी काढणार होतीस?"

"धीर गोळा करत होते, बाबा." मग ती आईकडे वळली. "आई, चहा टाक ना. सगळ्यांना."

लताबाईंनी डोळ्यांना पदर लावला. रहेमानचे, मीनाचे, त्या मोटरसायकलचे, एवढंच काय, भिंत तापवणाऱ्या उन्हाचेही किती आभार मानावेत हे त्यांना कळेना. चहाला मात्र घरातलं दूध पुरलं नाही.

पुढच्या आठवड्यात महेशचे आईवडील येऊन गेले. लग्न पावसाळ्यानंतरचं ठरलं. आणि मल्हारीरावांनी रहेमानची परांची सोडवली.

"लग्न दिवाळीनंतर, मग आता रंग कशाला? दोनदा काढायचा का? लग्नाच्या तोंडावर काढू."

लताबाईंनी तोंड उघडलं. मग आत फोनवर हसणारी संजना त्यांच्या कानावर आली आणि त्यांनी ते मिटलं. पश्चिमेची भिंत नुसत्या प्रायमरवर, शाळेच्या नव्या खडूसारखी पांढरी राहिली.

"लताताई, ही बाजू पांढरीच ठेवायची ठरवली का?" मीनाने एका रणरणत्या दुपारी विचारलं.

"मुद्दाम ठेवलीय गं," लताबाई म्हणाल्या. "पांढऱ्या भिंतीने घर कसं गारेगार राहतं."

आणि आत जाऊन त्यांनी कूलर फुल केला.